गाडीखालचे दोन नाग

“ताई, गाडीखाली दोन नाग आहेत,” असं म्हणून हिलालभाऊंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

फोटोत त्यांच्या गाडीचा डॅशबोर्ड होता. त्यावर एक पिवळा दिवा पेटला होता. छोटीशी गाडी आणि तिच्याखाली दोन नागमोडी रेघा. मी म्हटलं, भाऊ, हे नाग नाहीत, ही चाक घसरल्याची खूण आहे. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पुन्हा दाखवला. मोठा केल्यावर, खोटं कशाला बोलू, ते नागच दिसत होते.

सुरतेत हजीरा रोडला, इच्छापोरच्या अलीकडे आमचं वर्कशॉप आहे. तिथे मी डायग्नोस्टिक्स बघते. म्हणजे गाडीला काय झालंय ते शोधून काढायचं, दुरुस्ती पुढचे लोक करतात. मी मूळची अमरावतीची. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा तिकडचा, सुरतेला आले ते नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे. नवीन गिऱ्हाईक अजूनही पहिल्यांदा माझ्या पाठीमागे बघतं, मेकॅनिक कुठे उभा आहे म्हणून. हिलालभाऊंनी तसं काही केलं नाही. त्यांना इतकी काळजी लागली होती की ते वॉचमनलाही नाग दाखवून आले होते.

आधी तो दिवा काय आहे ते सांगते. निसरड्या रस्त्यावर एखादं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडीचा कॉम्प्युटर त्या चाकाला थोडा ब्रेक लावतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. ह्याला म्हणतात ट्रॅक्शन कंट्रोल. चाक घसरतंय हे त्याला सेन्सरकडून कळतं. प्रत्येक चाकापाशी अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो आणि चाक किती वेगाने फिरतंय एवढंच तो मोजत बसतो. चौघांचे आकडे साधारण सारखे आले की कॉम्प्युटर गप्प असतो. एकाचाच आकडा वेगळा येत राहिला की त्याला संशय येतो. मग तो ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतो आणि दिवा लावतो. बाकी गाडी नेहमीसारखी चालते, म्हणून पुष्कळ लोक त्या दिव्यावर गणपतीचं स्टिकर लावून मोकळे होतात.

हिलालभाऊ स्टिकरवाल्यांतले नव्हते. त्यांनी आधी घरी उपाय करून पाहिला होता. वहिनींनी पुढच्या उजव्या चाकावर तांब्याभर दूध वाहिलं होतं. गाडी लिफ्टवर घेतली तर सेन्सरच्या वायरवर दुधाची साय वाळलेली आणि मुंग्यांची रांग थेट ब्रेकपर्यंत गेलेली. मी ती पुसून घेतली. मुंग्यांनी गाडीचा सेन्सर बंद पडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, पण सुरतेत काही सांगता येत नाही.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र. त्यात एकच फॉल्ट साठवलेला होता: पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर, आकडा पटत नाही. सध्या फॉल्ट चालू नाही. मी वायर तपासली, कनेक्टर तपासला, चाक हाताने फिरवून सेन्सरचा आकडा पाहिला. चारही टायरचे साइझ पाहिले, हवा पाहिली. उजवं टायर बाकीच्यांपेक्षा थोडं नवं वाटलं, पण साइझ बरोबर होता. फॉल्ट पुसला आणि गाडी घेऊन मोठी चक्कर मारून आले. दिवा लागला नाही. नटांवर पिवळ्या रंगाची खूण केली, ती आमची पद्धत आहे, नट नीट आवळले गेले हे लांबून कळतं. गाडी परत दिली.

संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला. नाग परत आले होते.

दुसऱ्या खेपेला आम्ही सेन्सर बदलला. तो निर्णय आमचे वर्क्स मॅनेजर पटेलसाहेब ह्यांचा. ते काचेच्या केबिनमध्ये बसतात आणि सगळ्या रोगांवर त्यांचं एकच औषध असतं. “बेन, सेन्सर बदली नाखो ने. चालशे,” म्हणाले. मी म्हटलं, साहेब, सेन्सर चांगला आहे, आकडे बरोबर देतोय. ते म्हणाले, मग नवीन आणखी बरोबर देईल. नवीन बसवला. चक्कर मारली. दिवा लागला नाही. गाडी गेली, आणि संध्याकाळी नाग मोबाइलवर हजर.

मला अशा वेळी फार राग येतो. गाडीचा नाही, गाडी कधी खोटं बोलत नाही. राग येतो तो आपण काहीतरी विचारायचं विसरलोय आणि काय ते सुचत नाही ह्याचा. त्या रात्री मी घरी भाजीत मीठ घालायला विसरले आणि नवऱ्याने निमूट जेवण केलं.

सकाळी मी आत शिरले तर गेटपाशी हिलालभाऊंची गाडी उभी. तोच रंग, तेच मॉडेल. मी कपाळाला हात लावला. पण आतून उतरला तो दुसराच माणूस, हिलालभाऊंपेक्षा सडपातळ, मिशी तशीच. त्याने मोबाइल काढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाला, “ताई, गाडीखाली नाग शेत.”

‘शेत’ म्हणजे अहिराणीत ‘आहेत’. हा गोकुळ, हिलालभाऊंचा धाकटा भाऊ. गाडी त्याची स्वतःची होती. स्कॅनर लावला तर तोच फॉल्ट, तेच पुढचं उजवं चाक, आणि आत्ता फॉल्ट चालू नाही. एकाच रंगाच्या दोन गाड्या, एकच चाक, एकच आजार, आणि दोन्ही वर्कशॉपमध्ये आल्या की ठणठणीत बऱ्या. पटेलसाहेब केबिनमधून उठून बाहेर आले, हे फार क्वचित होतं. “बेन, आ शुं छे?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. त्यांना वाटत होतं की कंपनीच्या मालातच खोट निघणार, कुणीतरी व्हिडिओ करणार आणि त्यात त्यांची केबिन दिसणार.

दोघांच्या बोलण्यातून मला घरची हकिकत कळली. दोघांनीही ती मला वेगवेगळी सांगितली आणि जवळजवळ त्याच शब्दांत. वडील अमळनेरकडून सुरतेत आले, आधी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काम केलं, मग साड्यांचे गठ्ठे वाहायला टेम्पो घेतला. पोरांनी सुरतेतल्याच गोडादऱ्यात एम्ब्रॉयडरीच्या मशिनी टाकल्या. वडील गेले, बायकांचं पटेना, मागच्या वर्षी वाटण्या झाल्या. वाटण्या मायने केल्या, म्हणजे त्यांच्या आईने. सगळं अर्धं अर्धं. मशिनी अर्ध्या, भांडी अर्धी, गाड्या एका दिवशी एका रंगाच्या, म्हणजे कुणी कुणापेक्षा मोठा दिसायला नको. माय पंधरा दिवस मोठ्याकडे राहायची, पंधरा दिवस धाकट्याकडे. वाटण्यांच्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. घरं दोन गल्ल्या सोडून.

आणि आता अडलं होतं ते मायचंच. गोकुळच्या मुलीचा, कोमलचा, रविवारी साखरपुडा होता. हॉल पलसाणा रोडवर. माय होती हिलालभाऊंकडे. तिला आणायला गोकुळने गाडी घेऊन जावं तर हिलालभाऊंनी निरोप पाठवला की नाग असलेल्या गाडीत मी मायला बसू देणार नाही. बरं, हिलालभाऊंनी आपल्या गाडीतून न्यावं तर गोकुळ म्हणाला, नाग त्याच्याच गाडीला आधी लागले, माझ्या गाडीला त्यानेच लावले. रिक्षाने न्यायचं तर दोघांचंही एकमत होतं, एवढ्या एकाच गोष्टीवर: नवरीची आजी रिक्षाने आली तर गोडादऱ्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आणि कोमलने सांगून ठेवलं होतं की आजी येत नाही तोवर मी अंगठी घालणार नाही.

“माझी माय त्याने दिव्याच्या नावाखाली अडकवून ठेवली आहे,” गोकुळ म्हणाला. बोलताना त्याचा आवाज बारीक झाला. मला त्याची दया आली.

मी दोन्ही गाड्या एका दिवशी बोलावल्या. पटेलसाहेबांनी त्या सकाळी लिफ्टसमोर नारळ फोडला. मी म्हटलं नको, पण माणूस घाबरला की ऐकत नाही. नारळ नेमका दगडावरून उडाला आणि पाणी उघड्या कनेक्टरवर गेलं. स्कॅनरवर दुसऱ्याच चाकाचा नवीन फॉल्ट आला, तो आमचा स्वतःचा, घरचा. तो कनेक्टर वाळवण्यात माझी अर्धी सकाळ गेली आणि पटेलसाहेब जाऊन खोबरं वाटत बसले.

कस्टमर लाउंजमध्ये सोफा एकच आहे. दोघे भाऊ त्याच्या दोन टोकांना बसले, मध्ये वर्तमानपत्र ठेवून. चहा आला तेव्हा हिलालभाऊ मला म्हणाले, “ताई, त्यांना सांगा, साखर कमी आहे, लागत असेल तर मागा.” गोकुळ मला म्हणाला, “त्यांना सांगा, मला माहीत आहे.” दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. मी काही कुणाला सांगितलं नाही, चहा पिऊन बाहेर आले.

आता कामाचं. फॉल्ट येतो त्या क्षणाला गाडीचा कॉम्प्युटर एक नोंद करून ठेवतो: तेव्हा वेग किती होता, कुठल्या चाकाचा आकडा काय होता. पहिल्या दोन खेपांना मी ती वरवर पाहिली होती. आता नीट बसून पाहिली. दोन्ही गाड्यांत उजवं पुढचं चाक बाकी तिघांपेक्षा हळू फिरत होतं. मध्येच हळू नाही, कायम, आणि दोन्ही गाड्यांत तेवढंच हळू.

सेन्सर बिघडला की त्याचे आकडे उड्या मारतात. कधी शून्य, कधी भलतंच काहीतरी. बिघडलेला सेन्सर इतक्या शिस्तीत खोटं बोलत नाही, आणि दोन वेगवेगळ्या घरांतले दोन सेन्सर ठरवून एकच खोटं तर मुळीच बोलत नाहीत. म्हणजे ते खरं बोलत होते. चाक खरोखरच हळू फिरत होतं. गाडी सरळ जात असताना एकच चाक हळू केव्हा फिरेल? ते इतरांपेक्षा मोठं असेल तेव्हा. मोठ्या चाकाला तेवढाच रस्ता कापायला कमी फेरे लागतात. लहान मुलाचा हात धरून चालताना आपण त्याच्यापेक्षा कमी पावलं टाकतो, तसं.

मी उठून दोन्ही गाड्यांची चाकं पुन्हा पाहिली. चारही सारखी. आणि तेव्हा माझं लक्ष नटांकडे गेलं. हिलालभाऊंच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाच्या नटांवरची माझी पिवळी खूण जुळत नव्हती. अर्धी खूण नटावर, अर्धी भलत्याच दिशेला. बाकीच्या तीन चाकांवर जशीच्या तशी. मी डिकी उघडली. स्टेपनीच्या जागेत, जिथे पाचवं चाक असतं, तिथे लेसपट्टीचे दोन गठ्ठे नीट बसवलेले होते. गोकुळच्या डिकीत तेच, फक्त लेस हिरवी.

गाडी आत घेताना आमचा सर्व्हिस सल्लागार दर वेळी डिकी न उघडताच लिहीत होता: स्टेपनी आहे. स्टेपनी होती, ह्यात वादच नाही, ती पुढच्या उजव्या चाकाच्या जागी बसून आली होती. पण तिथलं मूळचं चाक गेलं कुठे?

लाउंजमध्ये जाऊन मी दोघांना विचारलं, गाडीचं एखादं चाक घरी आहे का? दोघांनीही एकाच वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हिलालभाऊ म्हणाले, नाही. गोकुळ म्हणाला, नाही. दोघांचे चेहरे एका आईचे होते.

त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, गाड्या परत दिल्यावर मी सरळ गोडादऱ्याला हिलालभाऊंच्या घरी गेले. घरात वहिनी होत्या, हिलालभाऊ मशिनींवर होते. पुढच्या खोलीत माय पलंगावर बसली होती, गुडघा दुखतो म्हणून पाय लांब करून. पाय ठेवला होता एका गोल वस्तूवर. वस्तूला जुनी साडी गुंडाळलेली, वर हळदकुंकू, आणि शेजारी देवांची फळी. मी नमस्कार केला, शेजारी बसले आणि साडीचा पदर थोडा बाजूला केला. खाली काळंभोर, कोरं टायर होतं, रिमसकट.

“हाऊ मना भाऊनी धाडेल शे,” माय कौतुकाने म्हणाली. पलसाण्याच्या हायवेवर तिच्या भावाचं टायरचं दुकान होतं. त्याने भाच्यांसाठी दोन टायर भेट पाठवले. चांगले म्हणून एक नंबर मोठे पाठवले. “दोन पोरं, दोन टायर. एक याले, एक त्याले. मनं काय चुकनं?”

तिने सांगितलं होतं की उजवीकडून सुरुवात करायची, शुभ असतं. म्हणून दोघांनी ते पुढे उजवीकडच्या रिमवर बसवले, एकाच सकाळी. त्याच दिवशी दोन्ही गाड्यांत नाग निघाले.

मी विचारलं, मग टायर इथे कसं? माय माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी काल जन्मले. गॅरेजला द्यायची गाडी, तिथे लोक नवा माल काढून जुना लावतात, हे कुणाला माहीत नाही? तिचा नवरा टेम्पो गॅरेजला टाकायचा तेव्हा बॅटरी काढून घरी ठेवायचा. पोरांना त्याने हेच शिकवलं होतं. “गाडी गॅरेजले देवानी तर नवा माल घर ठेवाना,” ती म्हणाली. गोकुळही तसंच करतो का, असं विचारल्यावर म्हणाली की त्याला कुणी सांगायला नको, तोही त्याच बापाचा आहे.

म्हणजे झालं होतं असं. गाडीला त्रास होतो तो ह्या टायरमुळे. गाडी आमच्याकडे आणायची म्हटलं की हिलालभाऊ पहाटे उठून जॅक लावायचे, टायर काढून घरात ठेवायचे आणि स्टेपनी लावून यायचे. आम्ही निरोगी गाडी तपासायचो, निरोगी गाडी परत द्यायचो. घरी गेल्यावर ते टायर परत लावायचे आणि संध्याकाळी नाग. दोन गल्ल्या पलीकडे गोकुळ नेमकं हेच करत होता. मी दोन आठवडे ज्याचा शोध घेत होते तो रोगी दर वेळी घरी देवाजवळ बसवलेला होता. मला हसूही येत होतं आणि त्या टायरला एक लाथ घालावीशीही वाटत होती, पण त्यावर मायचा पाय होता.

मायला मी समजावलं की हे टायर ह्या गाड्यांना चालत नाहीत. तिने विचारलं, दोन्ही एकाच गाडीला लावले तर? मी म्हटलं, तरी नाही, मग पुढची मोठी आणि मागची लहान. 

“मंग कोनलेच नही?”

कुणालाच नाही, मी म्हटलं. तिचा चेहरा मोकळा झाला. “मंग ठीक शे,” ती म्हणाली. वाटणी बरोबर झाली होती.

तिने पोरांना निरोप दिला. शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या वर्कशॉपला आल्या, एकामागोमाग एक. दोघांच्याही मागच्या सीटवर साडीत गुंडाळलेलं टायर बसलेलं होतं आणि दोघांनीही त्याला सीटबेल्ट लावला होता. पटेलसाहेब काचेतून बघत होते. त्यांनी पडदा ओढून घेतला.

मी सांगितलं की नुसतं सांगून तुमचा विश्वास बसणार नाही, दाखवते. दोघांनी एकाच गाडीत बसायचं. दोघे जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, उद्या कोमलची आजी हॉलवर पोचायला पाहिजे की नको? त्यावर गोकुळ हिलालभाऊंच्या गाडीत मागे बसला, दार उघडं ठेवून, मग त्याने ते लावलं. हिलालभाऊ माझ्या शेजारी. मामाचं टायर उजवीकडे लावून घेतलं होतं. मी गाडी हजीऱ्याच्या रस्त्याला काढली. इच्छापोर मागे पडलं. मग टिंग वाजलं आणि नाग आले.

परत येऊन आमच्या मेकॅनिकने त्यांच्यासमोर मोठं टायर काढलं, स्टेपनी लावली. मी फॉल्ट पुसला आणि त्याच रस्त्याने तेवढंच पुढे गेले. दिवा लागला नाही. आणखी पुढे गेले. नाही लागला. हिलालभाऊ डॅशबोर्डकडे एकटक बघत होते. मग त्यांनी मागे न बघताच विचारलं, “तू एकलाच चाक काढस का रे?”

मागून गोकुळ म्हणाला, “मंग? मनाजोडे कोन शे?”

चाक एकट्याने काढणं सोपं काम नाही, एवढं मला माहीत आहे. जॅक लावून चढवायचं, मग ते जड चाक गुडघ्यावर तोलून बसवायचं. बापाच्या टेम्पोचं चाक हे दोघे मिळून काढत असणार, एकाने धरायचं आणि एकाने आवळायचं. हे दोन आठवडे दोन गल्ल्यांत दोघे पहाटे तेच काम एकएकटे करत होते, एकाच चोराच्या भीतीने, आणि तो चोर म्हणजे आम्ही.

“माले हाक नही मारता येत?” हिलालभाऊ म्हणाले. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी आरसा जरा वर केला, म्हणजे मला मागचा माणूस दिसायला नको. मलाही डोळे पुसायला लागले असते आणि मी गाडी चालवत होते. गोकुळच्या गाडीतही मी तीच चक्कर मारली, ती खरं तर मारायची गरज नव्हती. दोघे मागे बसले आणि मी पुढे एकटी, ड्रायव्हरसारखी. अहिराणीत काहीतरी मामाबद्दल चाललं होतं आणि दोघे हसत होते.

साखरपुड्याचं आम्हाला आमंत्रण होतं, पटेलसाहेबांनाही. माय हॉलवर आली ती हिलालभाऊंच्या गाडीतून, आणि परत जायची होती गोकुळच्या गाडीतून, तेही तिनेच ठरवलेलं. गाडीतून उतरताना एका हाताला मोठा, एका हाताला धाकटा. कोमलने वाकून नमस्कार केला आणि मग अंगठी घातली. हॉलच्या कमानीला दोन बाजूंना मामाची दोन टायरं उभी केलेली होती, झेंडूच्या माळा गुंडाळून, एक इकडे, एक तिकडे. मामा पलसाण्याहून आले होते आणि प्रत्येक पाहुण्याला टायर दाखवत होते. मोठ्या नंबरची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही. मीही सांगितली नाही.

ह्या प्रकरणानंतर मी आमच्या सल्लागारांना एक प्रश्न शिकवला. गाडी आत घेताना पहिल्यांदा विचारायचं: गाडीचं काय काय घरी ठेवलंय? सुरुवातीला लोक रागावतात, मग सांगतात. बॅटऱ्या निघाल्या, मॅट निघाले, म्युझिक सिस्टीम निघाली. एका गृहस्थाने तर वायपर घरी ठेवून पाऊस पडताना काच दिसत नाही अशी तक्रार आणली होती. मशीन आजारी असेल तर तिला पूर्ण बघितल्याशिवाय निदान करू नये, एवढाच धडा, आणि तो कुठल्याही डिप्लोम्यात शिकवत नाहीत.

मध्यंतरी हिलालभाऊंची गाडी साध्या सर्व्हिसला आली. सोबत गोकुळ होता, दोघे सोफ्यावर शेजारी बसून चहा पीत होते. गाडीला काही झालेलं नव्हतं, चारही टायर योग्य साइझची, नवी कोरी. मी सवयीने डिकी उघडली. स्टेपनीच्या जागेत लेसपट्टीचे गठ्ठे होते.

मी लाउंजकडे बघितलं. दोघांनी एकाच वेळी कॅलेंडरकडे मान वळवली. मी पेन काढलं. जॉबकार्डवर लिहिलं: स्टेपनी घरी.